एकाच अर्थसंकल्पातली दोन वचनं

आजचा विषय आहे सरकारी आश्वासनं आणि त्यांवरून लोकांच्या मनात साचत गेलेला राग. विषय फार मोठा आहे, म्हणून आपण त्यातला एकच धागा हाती घेऊ : कांदा. आपल्या नाशिक, नगर, सोलापूर, पुणे पट्ट्यात गेली काही वर्षं जो संताप दिसतोय, तो नुसता भावाचा संताप आहे का? भाव तर पूर्वीही पडायचे. मग आता वेगळं काय झालं? हे समजून घ्यायचं तर आपल्याला २०१६ सालच्या एका अर्थसंकल्पापासून सुरुवात करावी लागेल.

दोन वचनं

२९ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी संसदेत अर्थसंकल्प मांडला. त्यात एक घोषणा होती, ती सगळ्यांना आठवते : २०२२ पर्यंत शेतकऱ्यांचं उत्पन्न दुप्पट करणार. आदल्याच दिवशी बरेलीच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही हेच सांगितलं होतं.

त्याच अर्थसंकल्पात दुसरीही एक गोष्ट होती. ती फारशी कोणाला आठवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती करून महागाईला कायदेशीर लक्ष्य घालून देण्याची ती तरतूद होती. पुढे त्याप्रमाणे पतधोरण समिती नेमली गेली, आणि महागाईचा दर ४ टक्के, फार तर २ टक्के वर किंवा २ टक्के खाली, असं लक्ष्य ठरलं.

म्हणजे बघा, एक वचन पिकवणाऱ्याला दिलं आणि एक वचन खाणाऱ्याला दिलं. दोन्ही रास्त. पण दोन्हींची बांधणी किती वेगळी आहे! महागाईच्या वचनामागे कायदा आहे, आकडा आहे. दर महिन्याला मोजमाप प्रसिद्ध होतं. सलग तीन तिमाह्या लक्ष्य चुकलं तर रिझर्व्ह बँकेला सरकारपुढे लेखी कारणं द्यावी लागतात. २०२२ मध्ये ती वेळ खरोखरच आली आणि बँकेने तसा अहवाल दिला.

उत्पन्न दुप्पट करण्याच्या वचनामागे काय होतं? अशोक दलवाई यांच्या अध्यक्षतेखाली समिती होती, तिचा अनेक खंडांचा अभ्यासपूर्ण अहवाल होता. उत्पन्न खरोखर दुप्पट व्हायचं तर महागाई वजा जाता दर वर्षी १० टक्क्यांहून जास्त वाढ लागेल, असं समितीने स्पष्ट सांगितलं होतं. पण दर वर्षीचं मोजमाप नव्हतं. लक्ष्य चुकलं तर कोणी कोणाला जाब द्यायचा, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

मोजमाप आहे ते राष्ट्रीय नमुना पाहणीचं. २०१२-१३ मध्ये शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न होतं ६,४२६ रुपये. २०१८-१९ मध्ये ते झालं १०,२१८ रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण त्यातला पिकाचा वाटा बघा : ३,०८१ रुपयांवरून ३,७९८ रुपये. सहा वर्षांत फक्त २३ टक्के. मधली महागाई वजा केली तर पिकातली कमाई वाढली नाही, उलट घटली. मजुरीतून मिळणारे पैसे मात्र २,०७१ वरून ४,०६३ झाले. म्हणजे सरासरी शेतकरी कुटुंबाला आता पिकापेक्षा मजुरीतून जास्त पैसे मिळू लागले. ही पाहणी मुदतीच्या अर्ध्या वाटेवरची आहे, हे मान्य. पण वारं कुठल्या दिशेचं होतं, ते यातून कळतं.

कांद्याचं वेळापत्रक

आता ही दोन वचनं एकमेकांना कुठे धडकतात, ते बघू. त्यासाठी कांद्याचं वेळापत्रक माहीत हवं.

आपल्याकडे कांद्याचे तीन हंगाम. खरिपाचा आणि लेट खरिपाचा, ज्याला आपण रांगडा म्हणतो, तो लाल कांदा. आणि रब्बीचा म्हणजे उन्हाळ कांदा. देशाच्या एकूण उत्पादनात साधारण दोन तृतीयांश वाटा उन्हाळ कांद्याचा. तो मार्च ते मे या काळात निघतो, चाळीत भरला जातो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत देशाला पुरतो. चाळीतही त्याचं वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब येतात. तरी तो थांबू शकतो. लाल कांद्यात पाणी जास्त, तो टिकत नाही. तो काढला की बाजारात न्यावाच लागतो.

हा फरक लक्षात ठेवा, कारण सरकारचा निर्णय कोणत्या महिन्यात येतो यावर तो कोणाच्या अंगावर पडतो हे ठरतं.

२०२३ चं एक वर्ष

फेब्रुवारी २०२३. लाल कांद्याचे भाव कोसळले. सोलापूरच्या बाजारात पाच क्विंटलहून जास्त कांदा विकून, हमाली-तोलाई-भाडं वजा जाता, एका शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा धनादेश पडल्याची बातमी देशभर गेली. उभ्या पिकात नांगर घातल्याच्या बातम्या आल्या. नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या दिशेने निघाला. तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, तेही २०० क्विंटलच्या मर्यादेत.

जुलै २०२३ मध्ये किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्क्यांवर गेला. भडका मुख्यतः टोमॅटोचा होता. पण पुढची पाळी कांद्याची येईल या धास्तीने १९ ऑगस्टला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. म्हणजे शेतकऱ्याने फेब्रुवारीचा तोटा सोसून उन्हाळ कांदा चाळीत राखला, त्याला भाव मिळण्याची वेळ आली आणि नेमकं तेव्हाच शुल्क आलं. ऑक्टोबरच्या शेवटी किमान निर्यातमूल्य आलं, टनाला ८०० डॉलर. आणि ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी.

डिसेंबरमध्ये बाजारात कोणता कांदा असतो? लाल. जो थांबू शकत नाही तो. लासलगावला क्विंटलला चार हजारांच्या आसपास असलेला भाव काही आठवड्यांत दोन हजारांच्या खाली आला. लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी उतरले.

बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत असल्याचं सांगितलं होतं. तेवढ्या आशेवर उन्हाळ कांद्याच्या लागवडी झाल्या. मार्चमध्ये, मुदत संपायच्या आधीच, ती पुढील आदेशापर्यंत वाढवली. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टन निर्यातीची परवानगी मिळाली, तेव्हा तर इकडे भडका उडाला. शेवटी ४ मे रोजी, नाशिक-दिंडोरीच्या मतदानाला सोळा दिवस उरले असताना, बंदी उठली. पण कशी उठली? किमान मूल्य टनाला ५५० डॉलर आणि वर ४० टक्के शुल्क. दोन्ही मिळून ७७० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने किलोला सुमारे ६४ रुपये. बाजार समितीत तेव्हा भाव होता किलोला पंधरा-वीस रुपये. दार उघडलं खरं, पण उंबरठा कमरेइतका ठेवला.

शुल्क कोण भरतं?

इथे एक गैरसमज दूर करू. निर्यातशुल्क परदेशातला गिऱ्हाईक भरतो असं वाटतं. दुबईचा किंवा क्वालालंपूरचा व्यापारी आपल्याकडून घेणार नसेल तर पाकिस्तान, चीन, इजिप्तकडून घेतो. त्यामुळे तो भाव चढवून देत नाही. निर्यातदार मग शुल्काची रक्कम आपल्या खरेदीतून वजा करतो आणि लिलावात तेवढी कमी बोली लावतो. शिवाय निर्यातीचा कांदा देशातच राहिल्याने सगळाच भाव उतरतो. म्हणजे निर्यात न होणाऱ्या कांद्याचाही.

चाकणच्या कांदा आंदोलनापासून शरद जोशी हेच सांगत आले : सरकार शेतकऱ्याला अनुदान देतं असं म्हणतात, प्रत्यक्षात ते उणे अनुदान आहे. पुढे ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांच्या २०१८ च्या अभ्यासातही तेच निघालं. २००० ते २०१६ या काळात निर्यातीवरची बंधनं आणि बाजारावरचे निर्बंध यांमुळे भारतीय शेतकऱ्यांचं ढोबळ उत्पन्न सरासरी १४ टक्क्यांनी कमी राहिलं. खतं-विजेची अनुदानं धरूनही.

यात सरकार एकाच पक्षाचं नव्हतं, हेही नीट लक्षात घ्या. २०१० च्या डिसेंबरात आणि २०११ च्या सप्टेंबरातही निर्यातबंदी झाली होती. २०२० मध्ये तर फारच विलक्षण घडलं. साठ्यावरची बंधनं सैल करून शेतमाल मोकळा करणारं विधेयक लोकसभेत १५ सप्टेंबरला मंजूर झालं, आणि कांद्याची निर्यातबंदी आली १४ सप्टेंबरला! पुढच्याच महिन्यात व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादाही आली. ज्या कायद्यात मोकळीक होती, त्याच कायद्यात भाव दुप्पट झाल्यास ती काढून घेण्याचीही सोय होती.

खाणाऱ्याचं काय?

आता दुसरी बाजू. शहरातल्या चाळीत, झोपडपट्टीत राहणाऱ्या कुटुंबाला ऐंशी रुपये किलोचा कांदा परवडत नाही, हे खरंच आहे. कांदा सरकारं पाडतो, हेही राज्यकर्त्यांना माहीत आहे. १९९८ मध्ये दिल्लीत त्याने सत्तांतराला हातभार लावला. म्हणून सरकारने काहीच करू नये, असं आम्ही म्हणत नाही.

प्रश्न असा, की खाणाऱ्याला स्वस्त कांदा द्यायचा खर्च कोणी उचलायचा? सरकारने बाजारभावाने कांदा घेऊन स्वतःच्या पदराने तोटा सोसून विकला, तर तो खर्च सगळ्या करदात्यांचा होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने २५ रुपये किलोने कांदा विकला, ती ही पद्धत. निर्यात बंद केली तर तोच खर्च निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याच्या खिशातून जातो, आणि अर्थसंकल्पात तो दिसतही नाही. दुसरी पद्धत सरकारला स्वस्त पडते, म्हणून तीच पुन्हा पुन्हा वापरली जाते.

ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार तेव्हा १ टक्काही नव्हता, ०.६४ टक्के होता. पण ज्या वचनामागे कायदा आणि दरमहा मोजमाप आहे, ते पाळायला सरकार धावतं. ज्यामागे फक्त भाषण आहे, ते मागे राहतं. आमच्या मते लोकांच्या संतापाचं मूळ इथे आहे. भाव पडला की त्यांना सांगतात, बाजार आहे बाबा, मागणी-पुरवठा. भाव चढला की बाजार नसतो, सरकार असतं. तोटा झाला तर तुझा, फायदा व्हायला लागला की देशाचा.

मतपेटीने काय साधलं?

२०२४ च्या लोकसभेत दिंडोरीतून केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार एक लाखाहून जास्त मतांनी हरल्या. नाशिकची जागाही सत्ताधाऱ्यांनी गमावली. कांद्याने फटका दिला, हे सत्तेतल्या नेत्यांनीच कबूल केलं. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य हटलं, शुल्क निम्मं झालं. एप्रिल २०२५ पासून ते पूर्ण गेलं.

म्हणजे मत चाललं का? अर्धवट. कारण सहाच महिन्यांनी विधानसभेत नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा त्याच आघाडीला मिळाल्या. लोक विसरले, असं नाही. मत एकच असतं आणि त्यात कांदा, जात, उमेदवार, लाडकी बहीण योजनेचे पैसे, सगळंच मोजलं जातं. शिवाय शुल्क हटलं तरी ते उद्या एका अधिसूचनेने परत येऊ शकतं. अधिकार जिथल्या तिथे आहे.

मागायचं काय?

तेव्हा पुढच्या वेळी मत मागायला कोणी आलं, तर नुसतं “भाव द्या” म्हणून भागणार नाही. तीन गोष्टी मागायला हव्यात.

पहिली, नियम लागवडीआधी. भाव कुठल्या पातळीला गेला की किती शुल्क लागेल, हे हंगामापूर्वी जाहीर व्हावं आणि काढणी होईपर्यंत बदलू नये. मग शेतकरी त्या हिशोबाने लागवड करेल किंवा करणार नाही. निर्णय त्याचा राहील.

दुसरी, बंदीची किंमत सरकारने मोजावी. देशाच्या गरजेसाठी निर्यात थांबवायची तर थांबवा, पण त्याने जेवढा भाव पडला, त्यातला ठरलेला हिस्सा शेतकऱ्याच्या खात्यात गेला पाहिजे. पैसे मोजावे लागले की सरकारचा हात आपोआप जपून चालतो.

तिसरी, वचनाला मोजपट्टी. उत्पन्न वाढवणार म्हणता, तर ते दर वर्षी मोजा, संसदेपुढे ठेवा, आणि चुकलं तर लेखी कारण द्या. रिझर्व्ह बँकेला जे बंधन घातलं, तेच स्वतःला घाला.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, “सरकार स्वतःचे हात स्वतः कशाला बांधून घेईल?” प्रश्न बरोबर आहे. आपण होऊन कोणी बांधून घेत नाही. पण महागाईच्या बाबतीत २०१६ मध्ये ते बांधून घेतले गेले, कारण वर्षानुवर्षं तज्ज्ञ, उद्योग आणि गुंतवणूकदार त्याची नेमकी मागणी करत होते. आपल्याकडच्या मोर्च्यांत शेतकऱ्यांच्या हाती अनुदानाचा आकडा पडतो, नियम पडत नाही. अनुदान एका हंगामात संपतं. नियम बदलायचा तर सरकारला संसदेत उभं राहून सांगावं लागतं. तेव्हा पुढचा मोर्चा निघेल, त्याच्या निवेदनात हा एक मुद्दा तरी असावा, एवढंच आजचं सांगणं.