बाळंतिणीला विचारलेले दहा प्रश्न

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे विचारपूस सुरू होते ती मुलाची. वजन किती भरलें, रंग कोणावर गेला, रात्रीं रडतें काय, दूध नीट पितें काय, हे प्रश्न येणारा प्रत्येक जण विचारतो. बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतात, अंगाला तेल लागतें, शेक-शेगडी होते. परंतु तिच्या मनाची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ती आनंदांत असलीच पाहिजे, असें सर्वांनीं धरून ठेवलेलें असतें. हा समज पुष्कळदां खोटा ठरतो. तो खोटा ठरला असतां सरकारनें त्यांत लक्ष घालावें कीं न घालावें, यावर अमेरिकेंत गेलीं पंचवीस वर्षें वाद होत आला आहे. वाद परदेशांतला असला, तरी ज्या दुखण्याविषयीं तो आहे तें दुखणें कोणत्याही देशाचें नाहीं.

प्रथम या दुखण्याचें स्वरूप पाहूं. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चवथ्या दिवसापासून निम्म्याहून अधिक बायकांना उगीच रडूं येतें, चित्त अस्थिर होतें, लहानशा बोलण्यानें मन दुखावतें. हा प्रकार बहुधा दोन आठवड्यांच्या आंत आपोआप निवळतो. त्यास औषध नको. विसांवा आणि मायेचा शब्द पुरे होतो. दुसरा प्रकार म्हणजे ज्यास डॉक्टर लोक पोस्टपार्टम डिप्रेशन म्हणतात, ती प्रसूतीनंतरची विषण्णता. ही आठवडेच्या आठवडे, कधीं महिनोन् महिने टिकते. मूल शांत झोंपलेलें असतांही आईला झोंप लागत नाहीं. कशांत गोडी वाटत नाहीं. आपण आई होण्यास नालायक आहों, आपल्यावांचून या मुलाचें अधिक बरें होईल, असे विचार तिला घेरतात. अमेरिकेंत सुमारें आठांपैकीं एका मातेस ही पीडा होते. तिसरा प्रकार उन्मादाचा. तो हजारांत एखाद-दुसऱ्या मातेस होतो. परंतु त्यांत भलते आवाज ऐकूं येतात, भलते भास होतात, आणि तेथें एक दिवसाचाही विलंब धोक्याचा असतो.

अमेरिकेंतील वादाचा आरंभ एका मृत्यूपासून झाला. शिकागो येथील मेलनी ब्लॉकर स्टोक्स ही सुशिक्षित स्त्री औषधविक्रीच्या धंद्यांत व्यवस्थापकाच्या हुद्द्यावर होती. २००१ सालच्या फेब्रुवारींत तिला मुलगी झाली. थोड्याच आठवड्यांत तिचें मन ढासळलें. तिला तीन वेळां रुग्णालयांत ठेवावें लागलें. आणि जून महिन्यांत तिनें आपला प्राण दिला. तिच्या आईनें मुलीचें दुःख घरांत कोंडून न ठेवतां लोकांपुढें मांडलें. शिकागोचे प्रतिनिधि बॉबी रश यांनीं त्याच वर्षीं मेलनीच्या नांवानें एक विधेयक काँग्रेसपुढें आणलें. पुढें सेनेटांतील तशाच विधेयकास ‘मदर्स अ‍ॅक्ट’ हें नांव मिळालें. वर्षांमागून वर्षें तें अडकून पडलें; अखेर २३ मार्च २०१० रोजीं सही झालेल्या आरोग्यविम्याच्या मोठ्या कायद्यांत त्याचा समावेश करण्यांत आला.

मध्यंतरीं न्यू जर्सी राज्यानें स्वतःच पाऊल उचललें होतें. तेथील एके काळचे गव्हर्नर रिचर्ड कोडी यांच्या पत्नी मेरी जो कोडी यांनीं आपण स्वतः या व्याधींतून गेल्याचें उघडपणें सांगितलें होतें. एवढ्या मोठ्या घरच्या स्त्रीनें लाज सोडून बोलावें, याचा परिणाम झाला. २००६ सालीं त्या राज्यानें प्रत्येक बाळंतिणीची या दृष्टीनें तपासणी केलीच पाहिजे, असा कायदा केला. अमेरिकेंतील या प्रकारचा तो पहिला कायदा.

ही तपासणी बहुधा एका प्रश्नावलीनें करतात. १९८७ सालीं कॉक्स, होल्डन व सागोव्स्की या तिघां संशोधकांनीं ती प्रसिद्ध केली. एडिंबरो शहराच्या नांवानें ती ओळखली जाते. तींत प्रश्न अवघे दहा. गेल्या सात दिवसांत हंसूं येत होतें काय, कारण नसतां स्वतःला दोष दिला काय, भीति वाटली काय, अशा धर्तीचे ते आहेत. प्रत्येकाला चार उत्तरें, आणि उत्तरागणिक शून्यापासून तीनपर्यंत गुण. बेरीज तिसांपैकीं होते. कोणी दहा, तर कोणी तेरा ही धोक्याची रेषा मानतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारासंबंधीं असतो. त्याचें उत्तर होकारार्थी आलें, तर बेरीज कितीही असो, पुढची चौकशी तत्काळ करावी लागते.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. ही प्रश्नावली म्हणजे चाळणी आहे. रोगाचें निदान नव्हे. समजा, एक हजार मातांपैकीं १२० खरोखर आजारी आहेत. चाळणीनें त्यांतील शेंकडा ८० अचूक हेरल्या, तर ९६ सांपडतील. उरलेल्या ८८० निरोगी मातांपैकीं शेंकडा १० चुकून अडकल्या, तर त्या ८८ होतात. म्हणजे एकूण १८४ जणींवर खूण होईल, आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या आजारी नसतील. शिवाय खऱ्या आजारी २४ जणी चाळणींतून निसटतील त्या निराळ्याच. म्हणून चाळणीनंतर जाणत्या माणसानें बसून बोलणें अवश्य आहे. तें न होतां केवळ बेरजेवर औषध लिहून दिलें गेलें, तर चांगल्या हेतूनें अनर्थ ओढवेल.

विरोधकांची मुख्य भीति हीच होती. त्यांत या औषधांनीं स्वतःस अपाय झाला असें सांगणाऱ्या माताही होत्या. त्यांचें म्हणणें असें कीं, सरकारनें सर्व बाळंतिणींची झडती घ्यावयाची, त्यांतून हजारों नवे रोगी निघावयाचे, आणि औषधांच्या कंपन्यांनीं त्यांवर धंदा करावयाचा. अपुरी झोंप, एकटेपणा, कामावर लौकर परतण्याची सक्ती, हीं खरीं दुःखें. त्यांना रोगाचें नांव देऊन गोळी दिल्यानें तीं जात नाहींत. याच औषधांविषयीं अमेरिकन सरकारच्या औषधखात्यानें २००४ सालीं अल्पवयी रोग्यांच्या बाबतींत, आणि २००७ सालीं २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांच्या बाबतींत, आत्मघाताचे विचार वाढण्याचा धोका असल्याची ठळक सूचना छापण्यास लावली होती. पहिलटकरणी पुष्कळदां त्याच वयाच्या असतात. शिवाय, खरें बोललें तर मूल आपल्यापासून काढून घेतील, या भयानें आई खोटें उत्तर देईल. आणि मेलनीस तर रुग्णालय व औषधें, दोन्ही मिळालीं होतीं. मग तपासणीनें ती कशी वांचली असती, असा त्यांचा बिनतोड वाटणारा प्रश्न होता.

पुरस्कर्त्यांचें उत्तरही तितकेंच वजनदार आहे. या व्याधीचें पहिलें लक्षणच असें कीं, रोगी तोंड उघडीत नाहीं. जी स्वतःस अपराधी समजते ती मदत मागत नाहीं. म्हणून कोणीतरी विचारलें पाहिजे. प्रत्येकीस विचारलें, म्हणजे एकीवर डाग येत नाहीं. औषधाला धोका आहे हें खरें, पण औषध न देण्यासही धोका आहेच. सौम्य आजारांत जाणत्या माणसाशीं ठराविक पद्धतीनें केलेलें संभाषण पुष्कळदां पुरतें; आजार तीव्र असला तर औषध लागतें, आणि सर्ट्रालीनसारख्या कांहीं औषधांचा दुधांत उतरणारा अंश फारच अल्प असतो. आईचा आजार तसाच राहिला तर तिचे हाल होतातच; मुलाच्या वाढीवरही त्याचा परिणाम होतो.

दोन्ही बाजूंच्या गदारोळांत कायद्यांत प्रत्यक्ष काय लिहिलें होतें, तें मागें पडलें. २०१० सालच्या देशव्यापी कायद्यानें ना तपासणीची सक्ती केली, ना औषधाची. संशोधन करावें, लोकांस माहिती द्यावी, आणि आजारी मातांची सोय करणाऱ्या संस्थांना मदत करावी, एवढेंच त्यांत होतें. आणि पहिल्या वर्षासाठीं मंजुरीची मर्यादा ३० लक्ष डॉलर होती. एवढ्या विस्तीर्ण देशाच्या मानानें ही रक्कम क्षुल्लकच. राज्यांना तपासणी व उपचारांच्या योजनांसाठीं अनुदान देण्याची तरतूद २०१६ सालच्या दुसऱ्या एका कायद्यानें झाली.

सक्ती होती ती न्यू जर्सींत. आणि तेथें काय घडलें, हें पाहिल्यावर वादाचा रोखच बदलतो. सरकारी मदतीवर असलेल्या गरीब मातांची माहिती तपासून २०११ सालीं संशोधकांनीं असें दाखविलें कीं, कायदा झाल्यानंतर उपचार सुरू करणाऱ्या किंवा ते पुढें चालू ठेवणाऱ्या मातांच्या प्रमाणांत कांहीं फरक पडला नाहीं. औषधांचा पूर आला नाहीं, आणि आजारी मातांना मदतही पोंचली नाहीं. विरोधकांची भीति व पुरस्कर्त्यांची आशा, दोन्ही सारख्याच फोल ठरल्या. प्रश्न विचारला गेला असेल. परंतु उत्तर ऐकून पुढें काय करावयाचें, याची व्यवस्था कायद्यानें उभी केली नव्हती.

तज्ज्ञांच्या मंडळांतही एकमत नाहीं. अमेरिकेच्या प्रतिबंधक-सेवा मंडळानें २०१६ सालीं गरोदर व बाळंत स्त्रियांची तपासणी करावी, अशी शिफारस केली. मात्र अचूक निदान, योग्य उपचार व पाठपुरावा यांची सोय हवी, अशी अट तिला जोडली. कॅनडाच्या तशाच मंडळानें २०२२ सालीं उलट सांगितलें: गुणांची बेरीज करणारी प्रश्नावली सरसकट वापरूं नये, डॉक्टरनें नेहमींच्या भेटींत मनाची विचारपूस अवश्य करावी. वरवर हे निर्णय परस्परविरुद्ध दिसतात. परंतु प्रश्नामागें ऐकणारें माणूस हवें, याविषयीं दोहोंत भेद नाहीं. मॅसॅच्युसेट्स राज्यानें २०१४ सालीं हीच वाट धरली. तेथें प्रसूतीचा डॉक्टर अडला तर तो टेलिफोनवरून मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घेऊं शकतो.

औषधांची प्रगतिही याच गोष्टीची साक्ष देते. खास या व्याधीसाठीं अमेरिकेंत २०१९ सालीं मंजूर झालेलें पहिलें औषध शिरेंतून सतत ६० तास द्यावें लागे. २०२३ सालीं चौदा दिवस घ्यावयाच्या गोळ्या मंजूर झाल्या; त्यांची किंमत १५ हजार डॉलरांहून अधिक ठेवण्यांत आली, आणि प्रत्येक गोळीनंतर बारा तास मोटार चालवूं नये, अशी सूचना आहे. तान्ह्या मुलाच्या आईला अशी गोळी घेणें, रात्रीं मूल सांभाळणारें दुसरें कोणी घरांत असल्याशिवाय कसें जमावें?

जेथें डॉक्टर थोडे आणि पैसा त्याहून थोडा, तेथें लोकांनीं निराळा मार्ग शोधला; आणि त्याची एक कडी आपल्या शेजारीं गोव्यांत आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गोव्यांतील एका जिल्हा रुग्णालयांत आलेल्या मातांची पाहणी करून २००२ सालीं ती प्रसिद्ध केली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं शेंकडा २३ माता विषण्णतेनें ग्रासलेल्या आढळल्या. गरिबी, नवऱ्याशीं बेबनाव व मारहाण, आणि मुलाची आशा असतां मुलगी होणें, हीं कारणें त्यामागें दिसलीं. त्यांतील शेंकडा ७८ जणींची मनःस्थिति गरोदरपणींच बिघडलेली होती. म्हणजे संकट अचानक आलें नव्हतें. फक्त कोणी विचारलें नव्हतें.

पाकिस्तानांत रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. आतिफ रहमान यांनीं आरोग्यसेविकांना शिकवून तयार केलें. त्या गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून घरीं जात, आईशीं बोलत, तिच्या निराश विचारांना दुसरें वळण देत, सासू-नवऱ्यासही त्यांत ओढीत. २००८ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा निकाल असा: सहा महिन्यांनीं अशा भेटी मिळालेल्या मातांपैकीं शेंकडा २३ आजारी राहिल्या होत्या, साध्या भेटी मिळालेल्यांपैकीं शेंकडा ५३. पुढें गोव्यांत शेजारपाजारच्या बायकांना शिकवून हाच प्रयोग झाला व २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें लाभ इतका ठळक नव्हता, तरी बऱ्या झालेल्यांचें प्रमाण अधिक आढळलें. गोळीला पर्याय नाहीं असें जें वाटतें, तें सर्वांशीं खरें नाहीं. आणि बोलण्यानें सर्व कांहीं भागतें, हेंही नाहीं.

महाराष्ट्रांत आशा सेविका प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांपर्यंत खेड्यापाड्यांतून नवजात मुलास पाहण्यास घरोघर जाते. तिच्या पिशवींत मुलाचें वजन करण्याचा काटा असतो. त्याच भेटींत आईशीं दोन शब्द बोलण्यास तिला शिकविलें, आणि गरज पडेल तेव्हां तिच्या पाठीशीं डॉक्टर उभा केला, तर अमेरिकेंत कायद्यानें जें साधलें नाहीं, तें येथें कदाचित् साधेल. शहरांतील सुशिक्षित घरीं मात्र आशा येत नाहीं. तेथें हें काम सासूचें, आईचें, नवऱ्याचें आहे. बाळंतिणीचें रडणें दोन आठवड्यांपलीकडे गेलें, मूल झोंपलें असतां ती जागी राहूं लागली, किंवा आपण नसलेलें बरें असें ती सहज म्हणून गेली, तर ‘तुला काय कमी आहे’ असें म्हणून तिला गप्प करूं नये. तिला डॉक्टरकडे न्यावें. २०२२ सालीं सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेशीं १४४१६ या क्रमांकावर बोलतां येतें. भास होऊं लागले, अथवा स्वतःस किंवा मुलास इजा करण्याची भाषा निघाली, तर तिला क्षणभरही एकटी सोडूं नये, आणि त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

सरकारनें विचारावें कीं विचारूं नये, हा वाद पुढेंही चालेल. त्याचा निकाल लागेपर्यंत घरांतल्या माणसांनीं थांबण्याचें कारण नाहीं. मुलाचें वजन विचारून झाल्यावर आईजवळ बसून तिला कसें वाटतें तें विचारावें, आणि तिचें उत्तर पुरतें ऐकून घेईपर्यंत उठूं नये.