जुनेराची करामत

नव्याकोऱ्या कापडांची गोधडी शिवून बघा. पहिल्या धुण्यातच ती तुमच्याशी भांडेल. जुनेराची मात्र वर्षानुवर्षं निमूट अंगावर पडून राहते. असं का व्हावं?

गोम कापडाच्या पूर्वायुष्यात आहे. सुती कापड विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात. शिवाय नवं सूत पाण्यात आटतं आणि रंग सोडतं. आता दहा जातींची दहा नवी कापडं एकत्र शिवलीत, तर प्रत्येक आपल्या मर्जीनं आटणार. मग इथे चुणी, तिथे ताण आणि टाके तटातट तुटलेले! जुनेराचं आटणं, विटणं सगळं आधीच उरकलेलं असतं. शेकडो धुण्यांत खळ वाहून गेली, सुताचा पीळ सैलावला, तंतूंचे कडक कंगोरे मोडले. आजोबांचं धोतर, आईचं पातळ आणि शाळेचा सदरा गुण्यागोविंदानं नांदतात ते यामुळे. ज्याला आपण झिजणं म्हणतो, ती खरं तर कच्च्या मालाची तयारी असते. तीही फुकट, आपल्याच अंगावर!

आता नऊवारीचा हिशेब बघा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की प्रत्येक पदर दोन मीटरहून किंचित जास्त भरतो. माणसाला पाय पसरून झोपायला किती लांबी लागते? तेवढीच! एका लुगड्यात अख्खी चौघडी.

चार पातळ पदरांची ऊब एका जाड कापडाला येत नाही, कारण थंडी अडवण्याचं बरंचसं काम कापड करतच नाही. ते हवा करते. कोंडलेली, स्थिर हवा उष्णतेला फार हळू वाट देते, आणि प्रत्येक दोन पदरांमध्ये तिचा एक थर अडकतो. पण ती कोंडून ठेवायची कुणी? धावदोऱ्यानं. प्रत्येक टाका पदरांना एका ठिपक्यात चिमटतो, दोन टाक्यांमध्ये फुगीर कप्पा उरतो. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद गोधडीत दोन-दोन सेंटिमीटरवर ओळी धरल्या, तर ७५ ओळी होतात. सेंटिमीटरला एक टाका धरा: १५,००० टाके! एक तुटला तर बाकीचे १४,९९९ धरून आहेत. आणि यंत्र? सुई. चौकट? जमिनीवर अंथरलेल्या कापडावर बसलेल्या बाईचं स्वतःचं वजन.

ही अक्कल एकट्या महाराष्ट्राची नाही. छत्तीसगडातल्या नवा रायपूरच्या परिसरात, जिथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, गोधडीची सख्खी बहीण कथरी नावानं ओळखली जाते. नागपूरकर भोसल्यांमुळे अठराव्या शतकापासून छत्तीसगडाशी आपली ये-जा आहे; कोणी कोणाला शिकवलं हा वाद मला तरी व्यर्थ वाटतो. जुनी कापडं आणि थंडी एका घरात आली की गोधडी सुचतेच. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात ती कडेपासून आत, चौकोनात चौकोन घालत, आणि शेवटी कोपऱ्यांना चिंध्यांची ‘फुला’ लावतात. बंगालात ‘कांथा’ गोधडीसाठी साडीच्या काठातून रंगीत धागे उसवून काढत. म्हणजे दोराही जुनाच. जपानच्या उत्तरेला थंडीमुळे कापूस पिकत नसे. तिथले गरीब लोक दक्षिणेतून जहाजानं येणाऱ्या सुती चिंध्या विकत घेऊन थरावर थर शिवत. ते ‘बोरो’ आज संग्रहालयांत टांगलेले आहेत.

गोधडीतून उरलेलंही वाया जात नाही. मऊ तुकड्याचं बाळाचं दुपटं किंवा लंगोट, लांब पट्टीची डोक्यावरच्या हंड्याखालची चुंबळ, जाड तुकड्याचं पायपुसणं आणि अगदी शेवटी पोतेरं.

या साखळीत एकच पाहुणा बसत नाही: पॉलिएस्टर. ते घाम शोषत नाही, बुळबुळीत असल्यानं पदर एकमेकांवरून सरकतात, आणि कितीही धुतलं तरी सुतासारखं मऊ होत नाही. कपाट आवरताना पॉलिएस्टरचं जॉर्जेट बाजूला काढा आणि सुती तेवढं निवडा. सगळ्यात विरलेले तुकडे मधल्या थरात घाला, दणकट ते बाहेर.