वाफेचं मशीन म्हणतो आपण, पण त्यात वाफ नसते: घरच्या नेब्युलायझरची स्वच्छता

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललं गेलं तसंच ठेवलं आहे.)



आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलेला असेल. नेब्युलायझर. दम्याचं लहान मूल असो, सीओपीडीचे आजोबा असोत, हे मशीन आता घराघरात आलंय. आमच्या आईला सीओपीडी आहे, त्यामुळे आमच्याकडे ते रोज सकाळ-संध्याकाळ चालतं. मी डॉक्टर नाही. पण रोजची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे, याची स्वच्छता कशी करायची आणि मुख्य म्हणजे तशीच का करायची, हे मी नीट समजून घेतलंय. तेच आज सांगतो.

आधी एक गैरसमज

आपण सगळे याला काय म्हणतो? वाफेचं मशीन. "बाळाला वाफ दिली का?" असंच विचारतो. त्यामुळे डोक्यात नकळत एक गोष्ट बसते की वाफ आहे म्हणजे गरम आहे, आणि गरम आहे म्हणजे जंतू आपोआप मरत असतील.

तर मंडळी, यात वाफ नसते. घरात जो नेहमीचा प्रकार असतो, त्यात एक कॉम्प्रेसर असतो. तो खोलीतली हवा ओढून घेतो आणि नळीतून जोरात औषधाच्या वाटीत सोडतो. वाटीच्या तळाशी अगदी बारीक छिद्र असतं. त्यातून हवा सुसाट बाहेर पडते, तेव्हा औषध वर ओढलं जातं आणि त्याचे बारीक बारीक थेंब होतात. आपल्याला धुकं दिसतं ते या थेंबांचं. हात धरून बघा, ते गार लागतं. म्हणजे या सगळ्या प्रकारात जंतू मारणारी उष्णता कुठेही नाही.

दुसरी गोष्ट थेंबांच्या आकाराची. फुप्फुसात खोलवर पोचायला थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचे लागतात. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. मोठी धूळ नाकात, घशात अडकते. शरीराने तिथे पहारा बसवलाय. हे बारीक थेंब तो पहारा चुकवून आत जातात, आणि मशीन त्यासाठीच तर केलेलं आहे. पण मग वाटीत जंतू असतील तर तेही याच थेंबांवर बसून, याच रस्त्याने, आधीच आजारी असलेल्या फुप्फुसात जातात.

ही नुसती कल्पना नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये काही न्यूमोनियांचा माग काढताना श्वसनोपचाराची उपकरणंच दूषित असल्याचं आढळलं होतं. त्यानंतर या उपकरणांच्या निर्जंतुकीकरणाकडे गांभीर्याने बघितलं जाऊ लागलं.

वाटीत जंतू येतात कुठून?

तीन ठिकाणांहून. एक, आपल्या तोंडातून आणि हातांवरून. दोन, उरलेल्या औषधातून. कितीही वेळ मशीन चालवलं तरी साधारण अर्धा ते एक मिली औषध तळाशी उरतंच. ते तसंच ठेवून त्यावर पुढचा डोस ओतणं म्हणजे कालच्या खरकट्या पातेल्यात आजची आमटी करणं.

आणि तीन, पाण्यातून. हे आपल्या लक्षातच येत नाही. नळाचं पाणी पिण्यासाठी ठीक असेल. पोटात आम्ल असतं, ते बरंच काही निभावून नेतं. फुप्फुसात तसं काही नाही. स्यूडोमोनास नावाचा जंतू ओलसर जागी मजेत वाढतो. क्षयरोगाच्या जंतूचे काही दूरचे भाऊबंदही नळाच्या पाण्यात सापडतात. निरोगी माणसाला त्यांचा सहसा त्रास होत नाही, पण फुप्फुसं कमजोर असलेल्यांना होऊ शकतो. बाटलीबंद पाणी किंवा आरओचं पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी, असंही नाही. स्वच्छ आणि निर्जंतुक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: वाटीला शेवटचं पाणी कुठलं लागलं आणि त्यानंतर ती पूर्ण वाळली का, हे दोन प्रश्न रोज विचारायचे.

प्रत्येक डोसनंतर काय करायचं

यात पाच मिनिटं जातात, जास्त नाही.

१. हात साबणाने किमान २० सेकंद धुवा. मशीन बंद करून प्लग काढा.

२. वाटी उघडा. उरलेलं औषध फेकून द्या. वाटी, झाकण, आत बसणारा टोपीसारखा छोटा भाग आणि माउथपीस किंवा मास्क, सगळं सुटं करा. नळी बाजूला ठेवा.

३. कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड घेऊन सगळे सुटे भाग धुवा. भांडी घासायची घासणी वापरू नका. मऊ ब्रश चालेल, पण तो फक्त याच कामासाठी ठेवा. बारीक छिद्रात टाचणी किंवा सुई अजिबात घालायची नाही. छिद्र जरा जरी मोठं झालं तरी थेंबांचा आकार बदलतो आणि औषध पोचायला हवं तिथे पोचत नाही.

४. साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळून घ्या.

५. पाणी झटका आणि स्वच्छ कोरड्या फडक्यावर किंवा पेपर नॅपकिनवर सुटे सुटेच वाळत ठेवा.

नळी धुवायची नाही. आत पाणी गेलं की ते वाळत नाही. नळीत दमटपणा दिसला तर वाटी काढून नुसती नळी जोडा आणि मशीन काही मिनिटं चालवा, हवेने ती सुकते. आत काळपट किंवा ढगाळ दिसत असेल तर नवी घ्या.

निर्जंतुक करणं: दिवसातून एकदा

धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि क्रम बदलायचा नाही. आधी धुणं. कारण औषधाचा, थुंकीचा थर तसाच असेल तर जंतू त्याच्याखाली सुरक्षित राहतात.

रोज वापर असेल तर दिवसातून एकदा निर्जंतुक करणं चांगलं. सिस्टिक फायब्रोसिस नावाचा फुप्फुसांचा आनुवंशिक आजार आहे, त्या रुग्णांसाठी नियम जास्त कडक आहे. अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचना प्रत्येक वापरानंतर निर्जंतुक करायला सांगतात. घरी ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी आहे, त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारून तसंच करावं.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे उकळणं. पण आधी मशीनबरोबर आलेली पुस्तिका बघा, कारण सगळं प्लास्टिक उकळायचं नसतं. मऊ मास्क बरेचदा उकळून वाकडे होतात, आणि वाकडा मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही. उकळायची वाटी असेल तर:

- फक्त याच कामासाठी एक पातेलं ठेवा. कालच्या फोडणीचा तेलकटपणा वाटीला नको.
- तळाला स्टीलची जाळी ठेवा, म्हणजे प्लास्टिक तापलेल्या तळाला चिकटणार नाही.
- पाणी भरपूर घ्या. प्लास्टिकचे भाग तरंगतात, म्हणून वरून एखादी छोटी स्टीलची चाळणी ठेवा. सगळं बुडालं पाहिजे.
- पाणी खळखळ उकळायला लागलं की तिथून ५ मिनिटं मोजा.
- स्वच्छ चिमट्याने बाहेर काढा आणि वाळवा. आता पुन्हा नळाखाली धरू नका! इतकं करून नळाचं पाणी लावलं तर पुन्हा पहिल्या पायरीवर आलो.

बाळाच्या बाटल्यांसाठी विजेवर चालणारं स्टीम स्टरिलायझर मिळतं, पुस्तिका परवानगी देत असेल तर तेही चालतं.

उकळता येत नसेल तर दोन पर्याय आहेत: ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ मिनिटं, किंवा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ३० मिनिटं बुडवून ठेवणं. अर्थात पुस्तिकेत चालतं असं म्हटलं असेल तरच. बाटलीवरची टक्केवारी वाचून घ्या. अल्कोहोल गॅसच्या शेगडीपासून लांब. हाताला लावायचं सॅनिटायझर यासाठी नाही, त्यात ग्लिसरीन आणि सुगंध असतो. या द्रावणांनंतर मात्र खळबळावं लागतं, आणि ते ५ मिनिटं उकळून झाकून गार केलेल्या पाण्यानेच.

घराघरातले "उपाय"

डेटॉल किंवा सॅव्हलॉन: नको. त्याचा अंश प्लास्टिकवर राहिला तर तो पुढच्या डोसबरोबर छातीत जाईल.

व्हिनेगर: बोअरच्या जड पाण्यामुळे वाटीवर पांढरा थर येतो, तो काढायला व्हिनेगर उपयोगी पडतं. पण थर निघाला म्हणजे जंतू मेले असं नाही. त्याच मार्गदर्शक सूचना निर्जंतुकीकरणासाठी व्हिनेगर वापरू नका असं सांगतात.

ऊन: आपल्याकडे उन्हावर फार विश्वास. वाळायला ऊन छान, पण उकळण्याला तो पर्याय नाही. शिवाय गच्चीवरची धूळ, कावळे, कबुतरं आहेतच.

पावसाळ्याचं काय?

उन्हाळ्यात पंख्याखाली वाटी बघता बघता वाळते. जुलैमध्ये कोकणात किंवा मुंबईत सकाळचा टॉवेल रात्री ओला असतो, तिथे वाटीचं काय? यावर उपाय मशीनमध्येच आहे. वाटी झटकून, जोडून, औषध न घालता मशीन दोन-तीन मिनिटं चालवा. छिद्रातलं अडकलेलं पाणी उडून जातं. मग पुन्हा सुटी करून पंख्याखाली ठेवा. पूर्ण वाळल्यावरच झाकणाच्या स्वच्छ डब्यात ठेवा. ओलसर वाटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं म्हणजे जंतूंना घर बांधून देणं. बाथरूममध्ये किंवा सिंकच्या कडेलाही वाळत घालू नका.

माझं ऐकाल तर वाटी-मास्कचे दोन संच ठेवा. काही शे रुपयांत मिळतो. एक वाळत असताना दुसरा तयार. आणि हे नीट ऐका: रात्री दोन वाजता दम लागलाय, तेव्हा वाटी उकळत बसायचं नाही. औषध आधी. दुसरा संच त्याच वेळेसाठी असतो.

तुमचे काही प्रश्न

"शेजारी मशीन मागायला येतात, द्यायचं का?" अडीअडचणीला कॉम्प्रेसर द्या. वाटी, नळी, मास्क ज्याचा त्याचा. घरातल्या दोघांनाही एकच वाटी नको.

"सलाइनची मोठी बाटली आणतो, सुईने काढून महिनाभर वापरतो. चालेल?" नाही. एकदा उघडली की ती निर्जंतुक राहत नाही. एका वेळेपुरत्या छोट्या कुप्या मिळतात, त्या घ्या. उरलं तर टाका. घरी मीठ-पाणी करून तर घालूच नका, आणि नुसतं पाणीही नाही. साध्या पाण्याच्या थेंबांनी दमेकऱ्याच्या श्वासनलिका उलट आवळू शकतात.

"फिल्टर धुवायचा का?" बहुतेक मशीनमध्ये धुवायचा नसतो, बदलायचा असतो. पांढऱ्याचा करडा झाला की बदला. कॉम्प्रेसर खोलीतलीच हवा ओढतो, म्हणून उदबत्ती, कासवछाप किंवा फोडणीच्या धुरात मशीन लावू नका. कॉम्प्रेसर फक्त ओलसर फडक्याने पुसा, प्लग काढून.

"आमचं छोटं, आवाज न करणारं मशीन आहे." ते जाळीचं असणार. त्याच्या जाळीला बोट, ब्रश, कापूस काहीही लावायचं नाही. ती जाळी उकळायची की नाही, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या साइटवर शोधा.

"वाटी कधी बदलायची?" पुस्तिकेतली मुदत पाळा. त्याआधीही तडा गेला, पिवळी पडली, किंवा आठ-दहा मिनिटांत संपणारं औषध पंधरा-वीस मिनिटं घ्यायला लागलं, तर छिद्र किंवा फिल्टर तुंबलाय असं समजा.

आणि एक छोटी गोष्ट. औषधात स्टिरॉइड असेल, उदाहरणार्थ ब्यूडेसोनाइड, तर नंतर चूळ भरा, आणि मास्क लावला असेल तर तोंडही धुवा. नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येऊ शकतात.

ताप आला, बेडक्याचा रंग बदलला, किंवा मशीन नेहमीपेक्षा जास्त वेळा लावावं लागतंय, तर स्वच्छता तपासत बसू नका, डॉक्टरांना गाठा.

आज घरी गेल्यावर एवढंच करा: वाटी उघडून उजेडात धरा आणि आत बोट न घालता बघा. थेंब दिसतोय का? दिसला तर कामाला लागा. प्रश्न असतील तर नेहमीसारखे पाठवा, पुढच्या भागात घेऊ. काळजी घ्या, मंडळी.