शनिवारचा दमा

बालरोगतज्ज्ञाने कामगारांच्या फुप्फुसांविषयी लिहावे, हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. स्मरणिकेच्या संपादकांनी माझ्याकडून लसीकरणावर लेख मागितला होता. परंतु त्या विषयावर आपल्या मंडळात अधिक अधिकाराने लिहिणारे सहकारी आहेत, आणि गेली काही वर्षे मनात राहिलेली एक गोष्ट कधीतरी कागदावर उतरवायची होती. ही गोष्ट एका मुलामुळे माझ्याकडे आली, एवढाच माझा या विषयावरील अधिकार.

मुलगा आठ वर्षांचा होता. थंडी सुरू झाली की छाती वाजायची, आणि वडील त्याला घेऊन यायचे. एकदा मी मुलाची छाती तपासत असताना स्टेथोस्कोपमध्ये भलताच आवाज येऊ लागला. तो मुलाचा नव्हता. शेजारी बसलेले वडील तोंडावर रुमाल धरून खोकला दाबत होते. चौकशी केली तेव्हा समजले, की त्यांनी क्षयरोगाचा औषधोपचार दोनदा पूर्ण केला होता. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते, क्ष-किरण चित्रातही विशेष काही नव्हते. खोकला, दम आणि घटलेले वजन एवढ्यावरच निदान झाले होते. मी मुलाचा जुना केसपेपर काढला. मुलगा चार वर्षांचा असताना, घरात क्षयरुग्ण आहे म्हणून त्याला सहा महिने आयसोनायझिडची गोळी दिलेली होती. खाली सही माझीच होती. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी फक्त ‘मजुरी’ असे लिहिले होते.

त्या दिवशी प्रथमच विचारले, “मजुरी म्हणजे नेमके काय?” गिरण्यांतून निघणारा टाकाऊ कापूस पिंजण्याच्या एका छोट्या कारखान्यात ते बारा वर्षे होते. त्यापूर्वी यंत्रमागावर. त्रास केव्हा होतो, असे विचारल्यावर म्हणाले, “डॉक्टरसाहेब, जुम्म्याला मी बादशहा असतो. शनिवारी संध्याकाळी छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखे होते. मंगळवार-बुधवारपर्यंत सवय होऊन जाते.”

आपल्यापैकी प्रत्येकाने एम.बी.बी.एस.ला पार्कच्या पुस्तकात न्यूमोकोनिओसिसचे प्रकरण वाचले आहे. सिलिकोसिस, अँथ्रॅकोसिस, बॅगॅसोसिस, बिसिनोसिस अशी नावे तोंडी परीक्षेसाठी पाठ केली आणि विसरलो. बिसिनोसिसपुढे ‘मंडे फीवर’ असे लिहिलेले असायचे. बुऱ्हाणपुरात ज्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते, तिथे तो सोमवार शनिवारी येतो, हे मात्र पुस्तकात कुठेच लिहिलेले नव्हते.

या रोगाची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. नावामुळे तो सिलिकोसिसचा भाऊबंद वाटतो, पण वस्तुतः तसा नाही. सिलिकोसिसमध्ये दगडाची, स्फटिकाची सूक्ष्म धूळ फुप्फुसाच्या खोल भागात जाऊन बसते, तिथे गाठी व व्रणतंतू तयार होतात आणि ते चित्र क्ष-किरणात उमटते. आपल्या प्रदेशाला तो रोग अपरिचित नाही. मंदसौरचे पाटीच्या पेन्सिली बनवणारे कामगार वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले आहेत. झाबुआ-अलीराजपूरहून गुजरातेत स्फटिक दळण्याच्या कामाला गेलेल्या आदिवासींच्या २३८ मृत्यूंबद्दल प्रत्येकी तीन लाख रुपये भरपाई द्यावी, अशी शिफारस राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली केली होती.

कापसाची गोष्ट निराळी आहे. कापूस वेचताना बोंडाभोवतीच्या सुक्या पातींचे तुकडे रुईबरोबर येतात. त्यांवर ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू वाढलेले असतात. त्या जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन हा या रोगाचा प्रमुख संशयित मानला जातो. गाठी फोडताना, ब्लोरूममध्ये आणि कार्डिंगच्या वेळी ही धूळ सर्वाधिक उडते, आणि टाकाऊ कापसात कचरा अधिक असल्याने तिथेही. ती श्वासाबरोबर आत गेली की काही तासांत श्वासनलिका आकुंचन पावतात. रोज धूळ मिळत राहिली की शरीर काही अंशी सरावते. सुट्टीच्या एका दिवसात तो सराव ओसरतो आणि पहिल्या दिवशी पुन्हा छाती आवळते. नेहमीच्या व्यावसायिक दम्यात बहुधा याच्या उलट घडते. तिथे आठवडा जाईल तसा त्रास वाढत जातो. म्हणून आठवड्याच्या वारांचा हिशोब रुग्णाकडून तोंडी मिळवला, तरी निम्मे निदान खुर्चीत बसूनच होते.

सुरुवातीला हा त्रास केवळ पहिल्या दिवशी होतो. पुढे तो आठवड्याच्या इतर दिवसांतही पसरतो, आणि वर्षानुवर्षे धूळ खाल्ल्यावर श्वासमार्गातील अडथळा कायमचा होतो. त्या अवस्थेत हा रुग्ण विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याच्या जुनाट ब्राँकायटिसपासून ओळखू येत नाही. विडीही तो बहुधा ओढतोच, आणि मग सगळा दोष विडीवर टाकून आपण मोकळे होतो. क्ष-किरण चित्रात या रोगाची स्वतःची अशी खूण नसते. ‘एक्स-रे साफ आहे’ हे वाक्य इथे दिलासा देण्याच्या लायकीचे नाही.

सुदैवाने निदानाचे साधन महाग नाही. कामाच्या पहिल्या दिवशी पाळीपूर्वी आणि पाळीनंतर स्पायरोमेट्री करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८३ च्या वर्गीकरणानुसार पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेत सातत्याने पाच टक्के वा अधिक घट होत असेल तर तो धुळीचा तीव्र परिणाम समजतात. कामगाराला पाळी सोडून स्पायरोमेट्रीला आणणे कठीण असते, म्हणून मी माझ्या दमेकरी मुलांसाठीचा पीक फ्लो मीटर त्या गृहस्थांच्या हाती दिला आणि वहीत आकडे लिहायला मुलाला बसवले. दोन आठवड्यांनी वही आली. शुक्रवारी ३९०. शनिवारी सकाळी ३८०, संध्याकाळी ३१०. बुधवारी सकाळी ३५०, संध्याकाळी ३३५. दुसऱ्या आठवड्यातही तीच चाल. छातीरोगतज्ज्ञ मित्राकडे ती वही पाठवली, त्याने स्पायरोमेट्री करून निदानावर शिक्कामोर्तब केले.

यंत्रमाग चालवणाऱ्या घरांतील वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. विणकामात धूळ कातकामापेक्षा कमी असते, त्यामुळे प्रत्येक विणकराचा खोकला म्हणजे बिसिनोसिस नव्हे. पण विणकराच्या खोकल्याची इतरही कारणे आहेत. १९५७ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात विणकरांमधील खोकल्याच्या साथीचा वृत्तान्त आला होता. त्याचे मूळ सुताला लावलेल्या खळीत, म्हणजे चिंचोक्याच्या पिठात निघाले. ज्या पिठाची खळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, त्याच्यावर साहेबाच्या देशात शोधनिबंध निघाला, याची मला मौज वाटली. बुरशी लागलेल्या सुतानेही असा खोकला होतो.

आपल्या देशात हा रोग फारसा नाही, असा एक समज दीर्घकाळ होता. १९९५ साली व्ही. मुरलीधर व सहकाऱ्यांनी मुंबईच्या एका कापडगिरणीतील बिसिनोसिसचा अभ्यास नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियामध्ये प्रसिद्ध केला. शोधणारा भेटला की रोग सापडतो. १७०० साली इटलीच्या रामाझ्झिनीने ताग-अंबाडी पिंजणाऱ्यांचा खोकला नोंदवला होता, आणि रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा, असे वैद्यांना बजावलेही होते. मी तीनशे वर्षे उशिरा विचारला.

आता कायद्याविषयी. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ८९ नुसार, तिसऱ्या परिशिष्टातील रोग आढळल्यास मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवणे उपचार करणाऱ्या डॉक्टरवर बंधनकारक होते. त्या यादीत बिसिनोसिस आहे. त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ही जबाबदारी कायम आहे. मात्र वीज वापरणाऱ्या कारखान्याची मर्यादा तिने दहा कामगारांवरून वीसवर नेली आहे. सहा-आठ माणसांचे कारखाने पूर्वीही व्याख्येबाहेर होते, आता पंधरा जणांचेही गेले. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याने कापसाच्या धुळीचा रोग व्यावसायिक मानला होता. परंतु हजेरीपटच नसलेल्या माणसाने आपण तिथे बारा वर्षे राबलो हे कशाच्या आधारे सिद्ध करावे?

मी पत्र लिहितो, असे त्या गृहस्थांना म्हणालो. त्यांनी हात जोडले. “साहेब, लिहू नका. मालक मला काढील आणि दुसरा माणूस तिथे बसवील. धूळ तीच राहील.” मी पत्र लिहिले नाही. त्यांचा कारखाना कायद्याच्या कक्षेत येत होता की नाही, हेही तपासले नाही. ते माझे कर्तव्य होते, आणि ते मी टाळले, हे इथे स्पष्ट लिहिणे योग्य वाटते.

काही महिन्यांनी त्यांनी स्वतःच काम बदलले. कापडाच्या घड्या घालण्याच्या कामाला लागले. मजुरी कमी झाली. शनिवार-शुक्रवारच्या आकड्यांतला फरक मिटला, परंतु ३९० च्या पुढे मीटर कधी गेला नाही. जे गेले ते परत येत नाही. मुलाची छाती अजून थंडीत वाजते. पिंजणीचे कपडे वडील त्याच खोलीत झटकत असत, ते बंद झाल्यापासून कमी वाजते, असे त्याची आई सांगते.

माझ्या केसपेपरवर आता वडिलांच्या व आईच्या व्यवसायाखाली तीन ओळी छापल्या आहेत: नेमके काम कोणते, धूळ कशाची, सुट्टी कोणत्या वारी. घरी कांड्या भरणाऱ्या आया ‘काही काम करत नाही’ असे सांगतात, म्हणून त्यांना पुन्हा विचारावे लागते. कुणा सहकाऱ्याला तो नमुना हवा असल्यास माझ्या दवाखान्यातून न्यावा.