डबा ओट्यावरच का राहतो?

पोळी-भाजीचा डबा भरून ओट्यावरच राहतो आणि मूल शाळेत पोहोचतं. मोठ्याला हाक मारायची असते, पण तोंडून धाकटीचं नाव निघतं. दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवताना दुसऱ्या हातातला टीव्हीचा रिमोटही आत जातो आणि रात्रभर घरभर शोधला जातो. लहान मुलं असलेल्या घरांत हे सगळं इतकं घडतं की चार दिवसांनी त्यावर हसू येतं. त्या क्षणी मात्र आई किंवा बाबा स्वतःलाच बोल लावतात: ‘माझं लक्षच नसतं.’ या चुका कशा घडतात ते टप्प्याटप्प्याने पाहिलं, तर कळतं की त्या ठरावीक साच्यांच्या असतात. साचा कळला की चूक टाळायची सोयही करता येते.

आधी झोपेचा हिशेब

नवजात बाळ दिवसाचे साधारण 14 ते 17 तास झोपतं, पण सलग झोपत नाही. पोट लहान असल्याने दर दोन-तीन तासांनी भूक लागते, आणि दिवस-रात्र ओळखणारं शरीरातलं घड्याळ पहिले काही महिने बसलेलं नसतं. त्यामुळे आईबाबांची झोप तुकड्यातुकड्यांत होते. जर्मनीतल्या हजारो पालकांची माहिती वर्षानुवर्षं गोळा करून 2019 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या बाळानंतर सहा वर्षांपर्यंत आईबाबांची झोप पूर्वीच्या पातळीवर परतलेली नव्हती, असं त्यात दिसलं.

अपुऱ्या झोपेची खरी अडचण अशी की ती जाणवेनाशी होते. अमेरिकेत 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. त्यांची लक्ष देण्याची क्षमता दिवसेंदिवस घसरत गेली आणि शेवटी रात्रभर जागलेल्या माणसाइतकी झाली. त्यांना स्वतःला मात्र आपण थोडेच पेंगुळलेलो आहोत, असं वाटत राहिलं. ‘आता सवय झालीय’ असं म्हणणाऱ्या आईला सवय झालेली असते ती थकव्याची. कामातली चूक वाढतच असते.

ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी 1997 साली आणखी एक मोजमाप मांडलं. सलग 17 तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याने ठरवलेली मर्यादा 0.03 टक्के आहे. पहाटे पाचला उठून डबे करणारी आई रात्री दहाला गृहपाठ तपासत असते, तेव्हा तिचे बरोबर 17 तास झालेले असतात.

हात सवयीने चालतात

दात घासणं, चहा टाकणं, गाडीला किल्ली लावणं ही कामं आपण लक्ष न देता करतो. वारंवार केलेली कृती मेंदू सवयीच्या खात्यात टाकतो आणि लक्ष दुसऱ्या कामासाठी मोकळं ठेवतो. ही सोय नसती तर पोळी लाटता लाटता पाढे म्हणून घेणं कुणालाच जमलं नसतं.

अडचण येते ती फाट्यावर. रविवारी मुलीला चित्रकलेच्या वर्गाला न्यायचं असतं, पण पहिला रस्ता शाळेचाच असतो. वळणाच्या क्षणी मन दुसरीकडे असलं की स्कूटर सवयीने शाळेच्या फाटकाशी जाऊन थांबते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अशा चुकांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्याची सुरुवात त्यांच्याच स्वयंपाकघरात झाली: चहा करत असताना मांजर ओरडू लागलं आणि त्यांनी मांजराचं खाणं चहाच्या किटलीत घातलं. दोन ओळखीची कामं एकाच वेळी हाताशी आली आणि एकाची कृती दुसऱ्याच्या भांड्यात गेली. फ्रिजमधला रिमोट याच जातीचा. पुढे रीझन यांनी विमानं, अणुभट्ट्या आणि रुग्णालयं इथल्या अपघातांमागेही हेच साचे दाखवले. 1990 साली आलेलं त्यांचं ‘ह्यूमन एरर’ हे पुस्तक आजही या विषयात पायाभूत मानलं जातं.

डब्याचं काय होतं?

सकाळचे पावणेसात. शेवटची पोळी तव्यावर आहे. मुलीची एक वेणी घालून झालीय, दुसरी राहिलीय. पाण्याची बाटली अजून भरायचीय. आज पी.टी. आहे, म्हणजे पांढरे बूट हवेत. पालकांच्या ग्रुपवर रात्री आलेला ‘चार्ट पेपर पाठवावा’ हा निरोप आत्ता दिसतो. तेवढ्यात खाली व्हॅनवाल्या काकांचा हॉर्न वाजतो.

माणसाच्या मनात एका वेळी साधारण चारच गोष्टी ताज्या राहू शकतात, असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी 2001 साली मांडलं. या सकाळी त्या जागी सहा गोष्टी उभ्या आहेत. नवी गोष्ट आत आली की जुनी एखादी बाहेर पडते, आणि कोणती पडली हे कळत नाही.

त्यातही डबाच का राहतो, यालाही कारण आहे. डबा भरून झाकण लागलं की मनाने ते काम ‘झालं’ असं धरलेलं असतं. दप्तरात ठेवणं ही शेवटची बारीक पायरी उरते, आणि मुख्य काम संपल्यावर उरलेली अशी पायरी माणसं हमखास विसरतात. झेरॉक्स काढल्यावर मूळ कागद यंत्रातच राहतो, तोही असाच. पूर्वी एटीएममध्ये पैसे घेऊन माणसं कार्ड विसरून जात. तेव्हा यंत्राचा क्रम बदलण्यात आला: आधी कार्ड काढून घ्या, मग पैसे. लोकांची स्मरणशक्ती होती तेवढीच राहिली, विसरण्याची जागाच काढून टाकली. घरातही हेच करायचं आहे. रिकामा डबा रात्रीच उघड्या दप्तरात ठेवावा आणि सकाळी तिथूनच काढून, भरून परत तिथेच ठेवावा. दप्तर उघडं दिसलं की डबा आठवतो.

नावांची अदलाबदल

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली 1,700 हून अधिक लोकांकडून चुकीच्या हाकांची माहिती घेतली. चूक बहुधा त्याच नात्याच्या गटात होते, असं आढळलं. आई एका मुलाच्या जागी दुसऱ्या मुलाचं नाव घेते, शेजाऱ्याचं सहसा घेत नाही. नावांचे उच्चार जवळचे असले तर अदलाबदल वाढते. चेहरे सारखे असण्याचा फारसा संबंध नसतो. घरातल्या कुत्र्याचं नावही या यादीत येतं. जिवाभावाच्या माणसांची नावं मनात एकाच कप्प्यात असतात, घाईत हात पडतो तो त्या कप्प्यावर. म्हणून चुकीच्या नावाने हाक आली तर मुलाने रुसू नये, आणि आईनेही ते स्मृतिभ्रंशाचं लक्षण समजून घाबरू नये.

संध्याकाळचा आवाज

सर्वांत जास्त सलते ती ओरडल्याची चूक. सांडलेला दुधाचा पेला एरवी पुसून टाकला जातो, रात्री आठ वाजता मात्र त्याच पेल्यावरून घर दणाणतं. मेंदूत भीती आणि संताप यांना चटकन प्रतिसाद देणारा अमिग्डला नावाचा भाग आहे. कपाळामागचा भाग त्याला आवर घालतो. 2007 सालच्या एका प्रयोगात रात्रभर जागलेल्या तरुणांना अस्वस्थ करणारी चित्रं दाखवली, तेव्हा त्यांच्या अमिग्डलाचा प्रतिसाद झोपलेल्यांपेक्षा 60 टक्क्यांनी जास्त होता, आणि आवर घालणाऱ्या भागाशी त्याचा दुवा सैल पडला होता.

ओरडून झाल्यावर काय करायचं, हे जास्त महत्त्वाचं. मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्ह्या बाळाचे चेहरे समोरासमोर टिपून वर्षानुवर्षं अभ्यासले. प्रेमळ जोड्यांमध्येसुद्धा दोघांचे सूर बराच वेळ जुळलेले नसतात. बाळ भरवसा शिकतं ते सूर तुटल्यावर पुन्हा जुळतो या अनुभवातून. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनल्ड विनिकॉट यांनीही मुलाला निर्दोष आईची गरज नसते, पुरेशी चांगली आई पुरते, असं ठामपणे मांडलं. म्हणून शांत झाल्यावर मुलाजवळ बसून सरळ सांगावं: ‘मघाशी मी फार ओरडले. मी दमले होते. दूध सांडणं एवढं मोठं नव्हतं.’ ‘पण तूही नीट धरायला हवा होतास’ ही पुस्ती जोडू नये. ती जोडली की माफी राहत नाही.

सोय कुठे करायची?

विसरल्यावर हसता येईल अशा चुका आणि विसरून चालणारच नाही अशा गोष्टी वेगळ्या काढाव्यात. तापाचं औषध दुसऱ्या प्रकारातलं. आईने नऊला दिलेलं असतं आणि बाबा साडेनऊला पुन्हा देतात. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास जावे लागतात, आणि बाजारात त्याची सिरप वेगवेगळ्या तीव्रतेची मिळतात. बाटलीला कागद चिकटवून वेळ आणि मात्रा लिहावी, देणाऱ्याने तिथेच सही करावी. ‘आठ वाजता’ यापेक्षा ‘जेवणाचं ताट उचलल्यावर’ असं ठरवलेलं काम जास्त आठवतं, कारण समोरची घटनाच आठवण करून देते. पेंगुळलेल्या अवस्थेत मुलाला मागे बसवून गाडी चालवू नये. रिक्षा करावी.

उरतो मूळ प्रश्न झोपेचा, आणि तो वाटणीचा आहे. केंद्र सरकारच्या 2024 सालच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं गेलेली दिसली, पुरुषांची 88. शिवाय चार्ट पेपर, लस, फी, वाढदिवसाची भेटवस्तू हे सगळं ध्यानात ठेवण्याचं कामही बहुतेक घरांत एकीच्याच डोक्यावर असतं. महाराष्ट्र शासनाने 2024 साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, त्यामागे मुलांच्या झोपेचाच विचार होता. मोठ्यांच्या झोपेचा विचार घरातच करावा लागेल.

या रविवारी दोघांनी कागद घेऊन बसा. आठवड्यात ध्यानात ठेवायच्या सगळ्या गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे एकेक नाव घाला. मग रात्री वाटून घ्या: एका रात्री मुलासाठी एकाने उठायचं, दुसऱ्याने सलग झोपायचं. आजी-आजोबा जवळ असतील तर दुपारचे दोन तास त्यांच्याकडे मागा, संकोच करू नका. घरातल्या चुका कमी करणारा याहून खात्रीचा उपाय नाही.