द्राक्षमळ्यातली वाट आणि आमची शकुंतला

आमच्या मुलीची सायकल मागच्या वर्षी तीन महिने अंगणात पोत्याखाली झाकून उभी होती. आठवीत होती ती. आंजीहून निघून वर्धा-आर्वी रस्त्याने ट्यूशनला जात असताना मागून ट्रकने हॉर्न दिला. ती दचकून डांबरावरून खाली उतरली आणि मनगटावर पडली. सहा आठवडे प्लास्टर होते. अल्लाहचे शुक्र की तेवढ्यावर निभावले. पण हात बरा झाल्यावरही सायकलचे नाव काढले की ती गप्प बसायची. आर्वीहून अम्मीचा फोन आला, "बरं झालं, सुटली एकदाची. पोरगी मोठी झाली आता." यावर काय बोलावे ते आम्हांला सुचले नाही. वर्गात आम्हीच मुलींना सांगतो की सायकल शिका, कोणावर अवलंबून राहू नका. आणि स्वतःच्या घरी पोते झाकून बसलो होतो.

त्याच दिवसांत ईदला भाचा आला. नागपूरला इंजिनीअरिंग करून तो पुढच्या शिक्षणासाठी फ्रान्समध्ये दिजाँ शहरात गेला आहे. शीरखुर्मा झाल्यावर त्याने मोबाइलवर फोटो दाखवायला सुरुवात केली. दोन्हीकडे द्राक्षाचे मळे, मधून गुळगुळीत पट्टी, आणि त्यावर सायकली. एक आजीबाई, तिच्यामागे पाच-सहा वर्षांचे पोर. गाडी एकही नाही. मुलीने पहिला प्रश्न विचारला, "मामूंच्या ट्रकसारखे ट्रक कुठून जातात मग?" तो म्हणाला, "जातच नाहीत. मनाई आहे."

फ्रान्समध्ये अशा रस्त्याला 'व्वा व्हेर्त' म्हणजे हिरवी वाट म्हणतात. चालणारे, सायकलवाले, घोडेस्वार, चाकाच्या खुर्चीतले, सगळ्यांना मुभा, फक्त इंजिनाला नाही. २००४ साली तिथल्या वाहतुकीच्या कायद्यात या वाटांची व्याख्याच घालून दिली गेली. पण पहिली वाट त्याआधीची, १९९७ सालची. बर्गंडी या द्राक्षांच्या मुलखात जिव्री ते क्लुनी अशी ४४ किलोमीटरची. भाचा आणि त्याचे दोन मित्र याच वाटेने गेले होते. सायकली आगगाडीत घालून शालोंपर्यंत आणि तिथून पुढे पायडल मारत.

आता यातली खरी गोष्ट. ही वाट नव्याने काढलेली नाही. ती जुनी रेल्वेलाइन आहे. गाड्या बंद पडल्या, रूळ उचलले आणि त्याच भरावावर डांबर टाकले. ब्युसी, कोर्मातँ अशा गावांची जुनी स्टेशने वाटेत अजून उभी आहेत. रेल्वेची जागा सायकलला इतकी का मानवते, हे भाच्याने मुलांना वहीवर रेघ ओढून समजावले. आगगाडीला चढ झेपत नाही. शंभर मीटर पुढे जाताना एक-दीड मीटर चढायचे म्हटले तरी इंजिन धापा टाकते. म्हणून रेल्वे बांधणारे टेकडी फोडतात, खोलगट जागी भराव घालतात, वळणे लांबट ठेवतात. शंभर वर्षांपूर्वी इंजिनासाठी केलेले हे कष्ट आज लहान मुलाच्या पायांना उपयोगी पडतात.

क्लुनीच्या पुढे ही वाट डोंगराखालून जाते. बोगदा दीड किलोमीटरहून लांब आहे. आत दिवे आहेत आणि भर उन्हाळ्यातही हुडहुडी भरते. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, कारण आत वटवाघळे झोपलेली असतात. हे ऐकून आमचा धाकटा हसत सुटला. मुलगी हसली नाही. म्हणाली, "वटवाघळांची झोप मोडू नये म्हणून रस्ता बंद करतात?" आणि स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली.

वाचकांच्या मनात आले असेल तेच आमच्याही आले होते. हा मुलूख वाइनचा. तिकडे आपल्या माणसाने जावे का? भाच्याने सांगितले ते असे. द्राक्ष वेलीवर असते तोवर ती नेमतच आहे. पुढे तिचे काय होते ते गावातल्या तळघरात होते, वाटेवर नाही. अडचण येते ती जेवणाची. तिकडे वाइन पेल्याबरोबर पातेल्यातही असते. बर्गंडीचा प्रसिद्ध गोश्ताचा रस्सा लाल वाइनमध्येच शिजतो, मोहरीच्या चटणीतही कधी पांढरी वाइन असते. म्हणून त्याने हॉटेलचा नाद सोडला. पाव, चीज, टोमॅटो, उकडलेली अंडी आणि द्राक्षाचा साधा रस एवढ्यावर तीन दिवस काढले. शालोंसारख्या मोठ्या गावात हलाल गोश्ताचे दुकान सापडते, लहान खेड्यात नाही. गंमत नमाजच्या वेळांची. जूनअखेरीस तिथे सूर्य साडेनऊनंतर मावळतो. मगरिब होईपर्यंत आपल्याकडे मुले झोपलेली असतात.

क्लुनीबद्दल आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती आम्ही शाळेतही सांगतो. मध्ययुगात इथे ख्रिस्ती धर्मगुरूंचा फार मोठा मठ होता. त्याच्या मठाधिपतीने, पीटरने, पवित्र कुरआनचा पहिला लॅटिन अनुवाद करवून घेतला. तो ११४३ मध्ये पुरा झाला. हेतू खंडनाचा होता, हे खरे. पण खंडनासाठी का होईना, आधी वाचावे लागते एवढे त्यांना पटले होते. आपल्या पवनारच्या विनोबांनीही अरबी शिकून मूळ कुरआन वाचले आणि त्याचे सार काढले. ते मात्र माणसे जोडण्यासाठी.

असो. मुद्दा रेल्वेचा. भाचा बोलत होता आणि आमच्या डोळ्यांपुढे दुसरीच लाइन उभी राहिली.

आमचे माहेर आर्वी. पुलगाव ते आर्वी ही ३५ किलोमीटरची छोटी रेल्वे म्हणजे आमची शकुंतला. अडीच फुटी रूळ, १९१७ पासूनचे. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे या कंपनीने ती टाकली ती माणसांसाठी कमी आणि कापसासाठी जास्त. आर्वी-रोहणा भागातला कापूस पुलगावला मोठ्या लाइनवर नेऊन द्यायचा, तिथून तो मुंबईला आणि पुढे समुद्रापार. तिकडच्या लाइनीभोवती द्राक्षाचे मळे, इकडे आमची पऱ्हाटी. आता शकुंतला कित्येक वर्षांपासून बंद आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आर्वीला गेलो तेव्हा आम्ही ठरवले, जाऊन तर बघू. फजरनंतर निघालो. दोन सायकली शेजाऱ्यांच्या, एक भाड्याची आणि एक मुलीची, जी आम्ही एसटीच्या टपावर टाकून आणली होती. ती येईल की नाही याची आम्हांला खात्री नव्हती. पण नाना येणार म्हटल्यावर ती तयार झाली. अब्बा आले ते मात्र लुनावर! इंजिनाला मनाई असलेल्या वाटेवर पहिले इंजिन आमच्याच घरचे. "गुडघे तुमच्या वयाचे नाहीत," एवढेच ते बोलले.

वाट कशी होती ते खोटे सांगणार नाही. काही ठिकाणी छान सरळ पायवाट, दोन्हीकडे तूर आणि कपाशी, दव पडलेले. काही ठिकाणी बाभळीचे इतके रान की सायकल खांद्यावर घ्यावी लागली. एका जागी शेजारच्या वावराचा धुराच लाइनीवर सरकला होता. पहिल्या तासात तीन पंक्चर झाले. धाकटा वैतागून अब्बांच्या लुनाच्या मागे बसला. पण जिथे भराव मोकळा होता तिथे भाच्याने वहीत काढलेली रेघ आमच्या पायांना कळली. चढ जाणवतच नव्हता. मुलगी आमच्या पुढे गेली. आर्वी रस्त्यावर ती दर दहा पावलांनी मागे वळून बघायची. इथे पुष्कळ वेळ तिने मागे पाहिले नाही. आम्ही दोघे एकमेकांकडे बघून गप्प राहिलो, बोललो असतो तर तिला ऐकू गेले असते.

चार-पाच किलोमीटरवर काटे फारच झाले म्हणून लिंबाखाली बसलो, डबा उघडला. अब्बांनी उभी हयात आर्वीच्या जिनमध्ये काट्यावर काढली, कापसाच्या गाठी त्यांच्या समोरून शकुंतलेत चढायच्या. ते सांगत होते, गाडी इतकी सावकाश की पोरे उतरून बोरे वेचून पुन्हा चढायची. आम्ही त्यांना फ्रान्सची गोष्ट सांगितली. रूळ काढून डांबर टाकतात, मग मुलेबाळे सायकलवर फिरतात. त्यांचा चेहरा उतरला.

"रूळ काढतात?"

"गाडी बंदच होती ना अब्बा."

"बंद आहे, मेली नाही. आर्वीच्या माणसाला पुलगावला जाऊन मुंबईची गाडी धरायची तर आज काय करतो? बाळंतीण न्यायची तर काय करतो? मोठी लाइन होऊ द्या म्हणून लोक इतकी वर्षे मागत आहेत. तुम्ही तिथे सायकली फिरवा!"

यावर वाद घालायला आम्ही बसलो नाही, कारण त्यांचे म्हणणे खरे होते. फ्रान्समधल्या त्या ४४ किलोमीटरच्या गावांची आगगाडी गेली ती गेलीच. आता तिथल्या म्हाताऱ्यांना बाजाराला जायचे तर मोटारच हवी. ही बाजू भाच्याच्या फोटोंत नव्हती. आमच्या मते आर्वीला आधी गाडी हवी. पण गाडी येईल तेव्हा भरावाशेजारी दोन मीटरची पट्टी ठेवली तर कोणाचे काय बिघडते? बोर्दोजवळ द्राक्षमळ्यांतून सुमारे ५० किलोमीटरची अशीच वाट आहे, रोजे लापेबी या सायकलपटूच्या नावाची. तो १९३७ ची 'तूर द फ्रान्स' शर्यत जिंकला होता. तीही जुन्या रेल्वेवरच. दक्षिणेत तर सतराव्या शतकात खोदलेल्या २४० किलोमीटरच्या कालव्याच्या काठाने लोक सायकली नेतात. घोडे नावा ओढत चालायचे ती ही वाट. म्हणजे रेल्वेच हवी असे काही नाही. मोटारीच्या आधी जी जी वाट होती, ती चालते.

परत येताना हेच डोक्यात होते आणि आंजीला आल्यावर उत्तर घराच्या मागेच दिसले. पांदण! धाम नदीच्या अंगाने वावरांमधून जाणारी, बंड्यांची, ढोरांची. इतकी वर्षे आम्ही तिला चिखलाची वाट म्हणूनच ओळखत होतो. मुलीच्या ट्यूशनचे घर मोठ्या रस्त्याने दहा मिनिटांवर, पांदणीने वीस. पहिल्या आठवड्यात आम्ही सोबत गेलो. मग तिच्या वर्गातल्या दोघी जणी आल्या, तेव्हा आम्ही थांबलो. ओढणी चेनमध्ये अडकू नये म्हणून तिघींनी ती पाठीशी गाठ मारून बांधायची, आणि अंधाराच्या आत घरी, या दोन अटी. तिसरी अट अम्मीची, फोनवरून: टायर जाड टाका. आम्हांला ऐकूनही खरे वाटेना.

पांदणीचे दुखणे म्हणजे पावसाळा. काळी माती चाकाला अशी धरते की सायकल उचलूनही नेता येत नाही. सरकारच्या पांदण रस्त्यांच्या योजना आहेत, खडीकरण होते. पण खडी पडली की दुसऱ्या दिवशीपासून फटफट्याही तिथूनच धावतात, हे शेजारच्या गावात पाहिले आहे. ग्रामसभेत आम्ही विचारले, खडी टाकाच, पण शाळेच्या वेळेपुरती तरी मोटारसायकल नको, असे करता येईल का? कोणी हसले, कोणी "मॅडम, बघू" म्हणाले. ट्रॅक्टरवाल्या एका शेतकऱ्याने मात्र उभे राहून सांगितले की सकाळी आठ ते नऊ तो ट्रॅक्टर काढत नाही, त्याचीही पोर त्याच वेळेस जाते.

आता जून जवळ आला आहे. मुलगी रोज आभाळाकडे बघते आणि सायकलच्या चेनला तेल घालते. पहिल्या पावसानंतर कोणत्या रस्त्याने जायचे, हे आमच्या घरात अजून ठरलेले नाही.