किनारी समुद्रात पोषकद्रव्यांचा तोल ढळल्यास मासळीच्या अन्नसाखळीला धोका

बंगळुरू : दक्षिण बंगळुरूतील बनशंकरीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही येथील सांडपाण्याचा समुद्राशी संबंध आहे. या परिसराच्या पश्चिम उतारावरील पाणी वृषभावती नदीत जाते. ती अर्कावतीला, अर्कावती कावेरीला आणि कावेरी बंगालच्या उपसागराला मिळते. मलमूत्र, साबण आणि खतांतून आलेल्या नायट्रोजन व फॉस्फरसचा काही भाग शेतीत आणि गाळात अडतो, उरलेला पुढे वाहतो.

किनारी समुद्रात या पोषकद्रव्यांच्या मात्रेइतकेच त्यांचे परस्परप्रमाणही महत्त्वाचे असते. अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये सागरजल आणि प्लवकांच्या घटकांतील साम्य दाखवून दिले. त्यातून पुढे कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरसचे १०६:१६:१ हे सरासरी प्रमाण रूढ झाले.

डायटम या सूक्ष्म वनस्पती प्लवकांना याखेरीज सिलिकेट लागते, तेही साधारणपणे नायट्रोजनइतकेच. त्यांचे कवच सिलिकाचे असते. सिलिकेट खडकांच्या झिजेतून नद्यांत येते. सांडपाण्यामुळे ते त्या प्रमाणात वाढत नाही. उलट धरणांच्या जलाशयांत डायटम वाढून तळाशी बसतात आणि सिलिकेट वाटेतच अडते. अशा वेळी समुद्रात नायट्रोजन मुबलक, पण सिलिकेट अपुरे, अशी स्थिती उद्भवते. डायटमची वाढ खुंटते आणि त्यांची जागा अन्य प्लवक घेतात.

कोकण आणि गोव्याच्या मासेमारीच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. तारलीचे मुख्य खाद्य डायटम आहे, तर बांगडाही प्लवकांवरच जगतो. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या खोल थरांतील पोषक पाणी किनाऱ्यालगत वर येते आणि डायटम वाढतात. याउलट नॉक्टिल्युका हा प्लवक डायटम गिळतो, परंतु त्याला खाणारे जीव मोजके असल्याने ते अन्न माशांपर्यंत फारसे पोहोचत नाही. रात्री निळा प्रकाश देणारा हा जीव नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईतील जुहू किनाऱ्यावर कुतूहलाचा विषय ठरला होता. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात फोफावणाऱ्या हिरव्या नॉक्टिल्युकाचे कारण पाण्यातील प्राणवायूची कमतरता की सिलिकेटचा अभाव, याबाबत संशोधकांत मतभेद आहेत.

उपाययोजनेतही प्रमाणाचे भान आवश्यक ठरते. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्याने १९८८ मध्ये फॉस्फेटयुक्त डिटर्जंटवर बंदी घातली. न्यूस नदीच्या गोड्या पाण्यातील शेवाळ घटले. पण ते नायट्रोजन शोषून घेईनासे झाल्याने तो खाडीपर्यंत पोहोचला आणि तेथे प्लवकांचा अतिरेक झाला. त्यामुळे सांडपाणी प्रक्रियेत नायट्रोजन व फॉस्फरस दोन्ही काढणे गरजेचे आहे. पारंपरिक प्रक्रिया प्रकल्प सेंद्रिय घाण काढतात, मात्र ही विरघळलेली पोषकद्रव्ये बऱ्याच अंशी तशीच राहतात. त्यासाठी प्रक्रियेचा आणखी एक टप्पा लागतो आणि त्याची सुरुवात किनाऱ्यावर नव्हे, तर बनशंकरीसारख्या शहरी वस्त्यांतूनच करावी लागेल.